जनुकाका आणि लंगडी साळुंकी

परवा स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा म्हणून त्यातलं कामाचं काय ते काढून घेत बसलो होतो. लग्नं, बारशी, साखरपुडे, शाळांचे ग्रुप फोटो. मधेच एक फोल्डर निघालं, 'काका पक्षी' नावाचं. आत हजारोंनी फोटो. पहिले दोनेकशे मी एकामागून एक उघडून पाहिले. एकातही पक्षी नव्हता. रिकामी फळी, हलणारी फांदी, अर्धा खाल्लेला चिकू, पुन्हा रिकामी फळी, आणि क्वचित वरच्या कोपऱ्यात एखाद्या शेपटीचं टोक. मागे उभ्या असलेल्या माझ्या बायकोने विचारलं, "हे काय, कुणाच्या वाडीचा पंचनामा?" मी म्हटलं, "नाही गं, हे जनुकाकांचे पक्षी." ती खळखळून हसली. काकांना जाऊन आता दीड वर्ष होत आलं आहे.

जनुकाका म्हणजे घोलवडचे चिकूवाले. वाडी वडिलांच्या वेळची, फार मोठी नाही, पण काकांचा रुबाब असा की ऐकणाऱ्याला वाटावं, दिल्लीला जाणारा सगळा चिकू हाच माणूस पाठवतो. अंगात पांढरा सदरा, त्याच्या खिशाला चिकाचे काळे डाग, डोक्यावर कधीच न बसणारी एक टोपी. माणसांची नावं लक्षात ठेवणं त्यांना मान्य नव्हतं. ज्याचा जो धंदा तेच त्याचं नाव. डॉक्टरला ते 'दवाखाना' म्हणत, टपाल वाटणाऱ्याला 'पोस्ट', आणि डहाणू रोड स्टेशनसमोरच्या गल्लीत माझं फोटोचं दुकान, म्हणून मी 'स्टुडिओ'. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, ही शंका मला शेवटपर्यंत राहिली.

"काय रे स्टुडिओ," एका सकाळी ते दुकानात येऊन म्हणाले, "पाखराचा फोटो काढायचा तर कुठला कॅमेरा लागतो?"

"कुठल्या पाखराचा?"

"येईल त्याचा."

"पासपोर्ट साईझ हवा का?" मी चेष्टा केली.

"नाय. पूर्ण माल दिसला पाहिजे. चोचीपासून शेपटीपर्यंत."

तलासरीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने ड्रोन घेतला होता आणि त्याचा जुना कॅमेरा, लांबच्या लेन्ससकट, माझ्याकडे विकायला ठेवला होता. तो मी काकांच्या हातात दिला. त्यांनी तो तळहातावर तोलला, फिरवून चारी बाजूंनी पाहिला, आणि मी "अहो काका" म्हणेपर्यंत अंगठ्याच्या नखाने त्याच्या पोटावर एक ओरखडा काढला. चिकू झाडावर तयार झालाय की नाही, हे रंगावरून कळत नाही. साल जराशी खरवडून बघायची. आतून हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळट दिसलं तर उतरवायचा. काका आयुष्यभर प्रत्येक गोष्ट तशीच घेत आले होते. दुकानातल्या नव्या सोफ्यावरही त्यांच्या नखाची खूण आहे.

"तयार आहे," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, आणि घेऊन गेले.

ह्या वयात त्यांना हा नाद कुठून लागला, ते मला पुढच्या खेपेला कळलं. कुसुमकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, पावसाळ्याच्या शेवटी अंगणात पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. वापीला ऑपरेशन झालं, ते झालंही चांगलं, पण घरी आल्यावर काकूंनी पायच टेकायचा नाही असं ठरवलं. डॉक्टरने चौकट दिली होती, ती धरून रोज दहा पावलं टाकायला सांगितली होती. काकू म्हणायच्या, "पुन्हा पडले तर?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. डॉक्टर म्हणाला होता की दोन-तीन महिन्यांत उठल्या तर उठल्या, नाहीतर मग खाट सुटायची नाही. त्यांची खाट मधल्या खोलीत, न्हाणीघर जवळ म्हणून. त्या खोलीच्या खिडकीतून शेजाऱ्याची पत्र्याची शेड सोडून काही दिसत नाही.

आणि काकूंचा सगळा जीव अंगणात. लग्न होऊन आल्यापासून त्या विहिरीच्या कठड्यावर पाखरांसाठी ताटलीभर भात ठेवत. नुसती पाखरं नव्हे, त्यांना ती एकेक ओळखू येत. हा मोठ्या चोचीचा, ही भांडकुदळ, हा नवरा, ही त्याची पहिली. ह्या सगळ्यांत लाडकी एक साळुंकी, तिला एकच पाय होता, म्हणून तिचं नाव लंगडी. आता खाटेवरून त्या रोज विचारत, "आज कोण कोण आलं?" काका म्हणत, "सगळे आले." काकू म्हणत, "तुम्हाला कावळा आणि कोंबडी सोडून तिसरं पाखरू ओळखता येतं का? खोटं बोलताय. फोटो दाखवा."

म्हणून कॅमेरा.

आता इथे एक अडचण होती, आणि ती मला रविवारी काकांना कॅमेरा शिकवायला घोलवडला गेलो तेव्हा दिसली. काकांनी अंगणातल्या चिकूच्या खालच्या फांदीवर एक फळी ठोकली होती. पूर्वी लाकडी खोक्यांतून चिकू रेल्वेने जायचा, त्यातल्या एका खोक्याची ती फळी, तिच्यावर काळ्या शाईत 'घोलवड' असं छापलेलं. फळीवर सहा चिकू, अगदी पेटीत भरतात तसे, देठ खाली करून ओळीत मांडलेले. आम्ही ओटीवर, अंगावर पोतं घेऊन बसलो. मी हळू आवाजात शटर, फोकस, उजेड कुठून येतो वगैरे समजावत होतो. काका मान डोलावत होते. एवढ्यात एक बुलबुल फळीवर उतरला, नेमका उन्हात. मी काकांच्या कोपराला हात लावला.

"हाऽऽड रे! हाऽऽड!" आणि फाट्‌कन टाळी.

बुलबुल गेला. कॅमेरा पट्ट्याने काकांच्या पोटावर आपटला. काका पोतं बाजूला करून रागाने इकडे तिकडे बघायला लागले.

"कोण ओरडलं रे?" त्यांनी मला विचारलं.

हा माणूस सहा वर्षांचा असताना बापाने त्याच्या हातात पत्र्याचा डबा आणि काठी देऊन पाखरं हाकायला भाताच्या शेतात उभा केला. पुढे वाडी आली, पोपट चिकू कोरायला लागले, डबा गेला आणि टाळी आली. साठ-पासष्ट वर्षं फळावर पाखरू दिसलं की त्यांचे दोन्ही तळवे आपोआप एकमेकांवर बसत आणि तोंडातून ती आरोळी निघे. ती आरोळी स्टेशनपर्यंत ऐकू येते, असं गावात म्हणत. काकूंनी भात ठेवायचा आणि काकांनी हाकलायचं, असा त्या घराचा संसार चाललेला. आता त्याच माणसाला बायकोसाठी पाखरू थांबवून धरायचं होतं, आणि हात ऐकत नव्हते. ते पहिले शेकडो रिकामे फोटो त्यातूनच झाले. ओरडून झाल्यावर काका इमानेइतबारे बटण दाबायचे.

वाडीत फळं उतरवायला तलासरीकडच्या एका पाड्यावरून बारकीबाई यायची. पन्नाशीची, काळी, चपळ, आणि बोलायला बसली तर समोरच्याची पत न ठेवणारी. टोपली डोक्यावर घेऊन जाता जाता ती थांबली. "काकाचं हात बांधून ठेवा," ती मला म्हणाली, "नायतर पाखरू येवाचा नाय."

काकूंनी आतून खाटेवरून विचारलं, "काय झालं हो?"

"बारकी खोकली," काका म्हणाले.

दुसरी चूक चिकूची होती. काकांनी फळीवर मांडलेला माल पहिल्या नंबरचा, पण झाडावरून नुकता उतरवलेला. तो दगडासारखा टणक, आत सगळा चीक. चार दिवस पेंढ्यात घालून पिकवल्याशिवाय तो माणसानेही खाऊ नये. पण चिकूवाल्याच्या घरात पिकलेला चांगला चिकू कुणी बघितलेला असतो? चांगला तो दिल्लीला जातो, घरात फुटका आणि दबका. काकूंना हे मी सांगितलं तेव्हा त्या पडल्या पडल्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पाखरांना मार्केटचा माल घालताय? अहो, आपण खातो तो घाला. दबका." दुसऱ्या दिवसापासून फळीवर दबके चिकू आले, फोडून, आणि पाखरांनाही ते आवडले. टाळी मात्र तशीच होती.

तिच्यावर उपाय काकूंनीच काढला. "दोन्ही हात कॅमेऱ्यावर ठेवायचे," त्यांनी हुकूम दिला, "आणि तोंडात अख्खी सुपारी धरायची. चावायची नाही, नुसती धरायची. ओरडावंसं वाटलं की सुपारी आठवेल." काका त्याप्रमाणे रोज सकाळी गालात सुपारी धरून ओटीवर बसू लागले. गावात बातमी पसरली की जनुभाऊंची दाढ सुजली आहे. घोलवडच्या नर्सरीतला एक गुजराती शेठ, कलमं विकणारा, मुद्दाम बघायला आला आणि "सू थयुं, जनुभाई?" म्हणून विचारत बसला. काका बोलू शकत नव्हते, सुपारी काढायला तयार नव्हते, आणि शेठच्या डोक्यावरून फळीवर काय उतरलंय ते बघत होते. शेठ थोडा वेळ वाट पाहून दुखावून निघून गेला. दोन्ही घरांमधली दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाण त्यानंतर बंद होती.

सुपारीने पहिला फोटो मिळाला तो कावळ्याचा. फार उत्तम आला होता, डोळ्यातली चमकसुद्धा पकडलेली. काकांनी तो माझ्याकडून मोठा छापून घेतला आणि काकूंना नेऊन दिला. काकू त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "ह्याची काय घाई होती? हा शेवटी आपल्याकडे येणारच आहे, न बोलावता." काका तो फोटो मला परत द्यायला आले होते.

मग हळूहळू बाकीचे यायला लागले. तांबट आला, दयाळ आला, सातभाईंची टोळी आली आणि सगळे चिकू उपसून गेली. एकदा हळद्या आला, सोनेरी पिवळा, तेव्हा काकांना इतका आनंद झाला की सुपारी घशात गेली आणि बारकीने पाठीत गुद्दे घालून ती काढली. हळद्या तोवर वसईला पोचला असेल. दर आठवड्याला काका कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन माझ्याकडे येत आणि आम्ही फोटो निवडत बसत असू. निवडायची पद्धत चिकूचीच. पूर्ण पक्षी, डोळा स्पष्ट, तो एक नंबर. पाठ किंवा अर्धं अंग, दोन नंबर. नुसती शेपटी ती गोटी, म्हणजे अगदी बारका चिकू, आणि गोटी कुणी विकत घेत नाही, पण फेकतही नाहीत. म्हणून ते सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये साठलं. मी कधी म्हटलं, "काका, हा पुसू या," की ते माझ्या हातावर चापट मारत. "रस काढायला होईल," म्हणत. हलक्या फोटोचा रस कसा काढतात, हे मी विचारलं नाही.

एक नंबरचे फोटो दर रविवारी काकूंपुढे जात. त्या चष्मा लावत, बघत, आणि एखादी खोड काढत. "ही मादी आहे, तुम्ही नर म्हणालात." "ह्याला जरा खायला द्या, पोट आत गेलंय." पण रविवारची वाट त्या बघायला लागल्या होत्या, हे मला दिसत होतं. काकांना त्याहून जास्त दिसत होतं. फोटो दाखवून झाल्यावर ते भिंतीला टेकवलेली चौकट पुढे सरकवत. काकू चौकटीकडे बघत, मग विचारत, "लंगडी नाही आली?"

"येईल," काका म्हणत.

एका रविवारी त्या म्हणाल्या, "ती मेली असणार. मी पडले त्याच दिवशी ती गेली. आता तिथे बघायला काय आहे?" आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी एकही फोटो पाहिला नाही. डॉक्टर येऊन गेला. बाहेर ओटीवर काकांना म्हणाला, "आता हा महिना शेवटचा समजा." दवाखान्याने असं बोलायला नको होतं, असं काका मला सांगताना म्हणाले.

हे त्यांनी मला सांगितलं ते माझ्या दुकानात, भर दुपारी, चहाचा कप हातात धरून. चहा गार झाला तरी पीत नव्हते. मग एकदम म्हणाले, "स्टुडिओ, ती घसरून पडली असं सगळ्यांना सांगितलंय. ती कठड्यावर भात ठेवत होती. पोपटांची झुंड आली, आणि मी मागून टाळी वाजवली. ती दचकली." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला. मी इतके महिने त्या टाळीची चेष्टा करत होतो, आणि मला स्वतःची लाज वाटली.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक फोटो काढला. साळुंकी, फळीवर, एक नंबर. दोन्ही पाय शाबूत.

"हिचा एक पाय काढ," ते म्हणाले.

"काका!"

"अरे, तू त्या नवरदेवाला केस लावून दिलेस की नाय? मग पाय काढायला काय होतं?"

माझ्या धंद्यात मी लोकांचे मुरूम काढलेत, वांग काढलेत, एका साखरपुड्याच्या ग्रुपमधून रुसलेला मामा काढलाय. पाय काढायची ही पहिलीच वेळ. "कुठला काढू?" मी विचारलं.

"कुठला पण काढ. पाखराला काय डावं-उजवं!"

मी उजवा काढला. काम इतकं सफाईने झालं की मलाच अभिमान वाटला. फळीवरची पायाची सावलीसुद्धा पुसली होती.

रविवारी मीही काकांबरोबर आत गेलो. काकांनी पाकीट काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघ कोण आलंय." काकूंनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला. त्यांचं तोंड बघता बघता बदललं. "आलीस का गं बाई," त्या इतक्या हळू म्हणाल्या की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं, आणि बोट मधेच थांबलं.

"अहो, तिचा डावा पाय नाही."

"मग?"

"ह्यात उजवा नाही."

काकांनी एक क्षण विचार केला. "फोटो उलटा छापला असेल. काय रे स्टुडिओ, उलटा छापलास ना?"

मी मूर्खासारखा म्हणालो, "हो, कधी कधी होतं तसं."

"मग फळीवरचं घोलवड सरळ कसं आलं?" काकूंनी विचारलं.

मी माझ्या चपलांकडे बघत होतो, त्या बाहेरच काढल्या होत्या, तरी बघत होतो. काका कॅलेंडरकडे बघत होते. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि सरळ बोलून टाकलं. "मी टाळी मारली म्हणून तू पडलीस. लंगडी पण तेव्हापासून आली नाय. मी रोज बसतो, ती येत नाय. तू उठावीस म्हणून हे खोटं केलं. ह्याची काय चूक नाय, ह्याला मी सांगितलं."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मला माहीत नाही का?" त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं ऐकतेय. तुमची टाळी मला ओळखू येणार नाही?"

"मग बोलली का नायस?"

"बोलले असते तर तुम्ही जेवणं सोडलं असतं."

दारात बारकीबाई उभी होती, सूप हातात घेऊन. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. "लंगडी?" ती म्हणाली. "ती रोज येते की. मागं, धुण्याच्या दगडावर. मी नागलीची भाकर खातां ना, तवा माझ्या ताटलीतली खाते."

काका तिच्याकडे वळले. "आणि तू आजपर्यंत बोलली नायस?"

"तुम्ही मना इचारलाच नाय," बारकी म्हणाली. "तुम्ही पुढं बंदूक धरून बसतां. ती मागं येते. ती लंगडी हाय, खुळी नाय."

काकूंनी पांघरूण बाजूला केलं. त्यांना बहुतेक राग आला होता. कुणाचा, ते सांगता येणार नाही. आम्हा दोघांचा, बारकीचा, त्या उजव्या पायाचा, आणि इतके दिवस मागच्या दगडावर भाकर खाणाऱ्या साळुंकीचाही. "चौकट द्या इकडे," त्या म्हणाल्या. काका पुढे झाले तर त्यांनी हात उचलून थांबवलं. "तुम्ही इथेच थांबा. तुम्ही बाहेर आलात तर ती उडेल. बारकी, तू ये."

मधल्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत काही फार अंतर नाही. पण त्या दिवशी ते संपता संपेना. एक पाऊल, मग चौकट पुढे, मग दुसरं पाऊल. बारकी शेजारून चालत होती, धरत नव्हती, नुसती सोबत. मी मागे. दाराशी काकू चौकटीवर भार देऊन उभ्या राहिल्या. बारकीने पुढे जाऊन धुण्याच्या दगडावर भाकरीचा तुकडा कुस्करला आणि बाजूला बसली. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मग केळीच्या आडून एक साळुंकी दगडावर उतरली, जरा कलली, सावरली, आणि खायला लागली. तिला डावा पाय नव्हता.

"बारीक झालीस गं," काकू म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि दोन्ही आवाज न करता, कारण ती उडाली असती.

आतून काका दबक्या आवाजात विचारत होते, "आली का? अरे, आली का?" मी वळून पाहिलं तर ते काकूंच्या रिकाम्या खाटेवर बसले होते, टोपी मांडीवर, आणि दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून.

त्यानंतर काकू रोज उठायला लागल्या. आधी मागच्या दारापर्यंत, मग ओटीपर्यंत. काका मात्र फोटो काढतच राहिले. आता कुणी मागत नव्हतं, तरी. माझ्याकडे येऊन एक नंबर, दोन नंबर करत बसायचे. लंगडीचा फोटो त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. त्यांची चाहूल लागली की ती नाहीशी व्हायची. ह्याचं त्यांना वाईट वाटायचं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असतो तर मीही नसतो आलो." पुढच्या वर्षी थंडीत, वाडीतच, झाडाखाली बसल्या बसल्या ते गेले. बारकीने आधी पाहिलं. तिला वाटलं, पाखराची वाट बघताहेत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं त्याच्या महिनाभर आधी. दोन-चार फोटो छापून न्यायचे होते, म्हणून सकाळच्या वेळी घोलवडला गेलो. फाटकाशीच थांबलो, कारण अंगणात काकू चालत होत्या. चौकट नव्हती. हातात भाताची ताटली होती आणि त्या ओटीपासून विहिरीकडे निघाल्या होत्या, सावकाश, पाय शोधत. काका त्यांच्या मागे होते. गळ्यात कॅमेरा लटकत होता. ऊन अगदी हवं तसं पडलं होतं, काकूंच्या पुढे कठड्यावर बुलबुल, साळुंक्या, एक तांबट, सगळे येऊन बसले होते, आणि असा फोटो मिळायला फोटोग्राफर जन्म घालवतो. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अहो, मागे आहात का?" काकूंनी न वळता विचारलं. "मागे मागे येऊ नका. मला एकटीला जमतंय."

"मी कुठे येतोय?" काका म्हणाले. "मी ओटीवर बसलोय."

त्यांचे दोन्ही हात काकूंच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, उघडे, त्यांच्याबरोबर एकेक पाऊल पुढे जात होते.